वाद्यांबद्दलच्या थापा खऱ्या कशा वाटू लागतात?

१९०३ साली अमेरिकेत रूपर्ट ह्यूज यांचा एक संगीतकोश निघाला. त्यातल्या शब्दांच्या यादीत अगदी शेवटी एक माओरी शब्द होता. रोमन लिपीत तो झेड, झेड, एक्स, जे, ओ, ए, एन, डब्ल्यू असा लिहायचा आणि त्याचा उच्चार करायचा 'शॉ'. अर्थ तीन दिले होते: ढोल, फाइफ नावाची छोटी बासरी आणि समारोप. कोशाच्या पुढच्या आवृत्त्या निघत राहिल्या, पण शब्द जागचा हलला नाही. उलट दुर्मिळ शब्दांच्या इतर संग्रहांनीही तो उचलला. अखेर १९७६ मध्ये फिलिप कोहेन यांनी साधी शंका काढली. माओरी भाषा रोमन लिपीत लिहितात तेव्हा झेड, एक्स आणि जे ही अक्षरं वापरतच नाहीत, आणि त्या भाषेतले शब्द नेहमी स्वरावर संपतात. मग हा शब्द माओरी कसा?

तो माओरी नव्हताच. कोशकाराने चेष्टेने घातलेला असावा, असं आता मानलं जातं. पण त्याला पकडायला ७३ वर्षं लागली, आणि पकडण्यासाठी लागणारी माहिती कुठल्याही माओरी शब्दकोशाच्या पहिल्या पानावर मिळाली असती.

वाद्यं आणि वादक यांच्याबद्दल अशी गमतीने रचलेली 'माहिती' आज रोज आपल्यापर्यंत येते. तिच्यातली काही वाचून आपण हसतो आणि काही पुढे पाठवतो. थोडी मात्र नकळत आपल्या ज्ञानात जमा होते. ती जमा नेमकी कशी होते, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

थाप म्हणजे काय, आणि काय नव्हे

मराठीत थाप तबल्यावर पडते आणि माणूसही थाप मारतो. या लेखात थाप हा शब्द मी एकाच अर्थाने वापरणार आहे: ऐकणाऱ्याला कळावी आणि त्याने हसावं म्हणून रचलेली खोटी माहिती. लबाडीपासून ती वेगळी, कारण लबाडाला आपण फसायला हवे असतो. अफवेपासूनही वेगळी, कारण अफवा पसरवणाऱ्याचा तिच्यावर स्वतःचा विश्वास असतो.

मुलांच्या व्यापाराच्या खेळातली नोट डोळ्यांपुढे आणा. पटाभोवती बसलेल्या सगळ्यांना ती खोटी असल्याचं ठाऊक असतं आणि तिच्यावाचून खेळ रंगत नाही. त्यात कुणाचीही फसवणूक नाही. पण तीच नोट खोक्यातून निघून कुणाच्या पाकिटात गेली, तिथून दुसऱ्याच्या हातात आणि पुढे गल्ल्यात, तर चौथ्या माणसाला ती खेळातली असल्याचं सांगणारं काहीच उरत नाही. नोट तीच असते, फक्त खोका मागे राहिलेला असतो.

थापेचा खोका म्हणजे सांगणाऱ्याचा चेहरा, आवाजातली लकब, आजूबाजूचं हसू, ती छापून आलेलं विनोदी सदर. वाक्य एकटं बाहेर पडलं की यातलं काहीही सोबत जात नाही.

संगीतातच हे इतकं का होतं?

कारण संगीतातलं सत्यच पुष्कळदा थापेसारखं असतं.

सॅक्सोफोन पितळेचा असतो, तरी त्याची गणना लाकडी सुषिर वाद्यांत होते. आवाज बोरूच्या पत्तीच्या कंपनातून येतो आणि वर्गीकरण आवाज कसा निघतो यावर ठरतं, धातू कोणता यावर नाही. १८५० मध्ये पॅरिसच्या व्हियोम यांनी साडेतीन मीटर उंचीचं व्हायोलिनच्या जातीचं वाद्य बनवलं, ऑक्टोबास. माणसाचा हात तारांवर पोचत नाही, म्हणून सूर बदलायला तरफा आणि पायपट्ट्या बसवाव्या लागल्या. थेरेमिन हे वाद्य हात न लावता वाजवतात. ते बनवणाऱ्या लेव्ह थेरेमिन यांनीच पुढे सोव्हिएत हेरखात्यासाठी एक श्रवणयंत्र तयार केलं. लाकडात कोरलेल्या अमेरिकन राजमुद्रेत लपवलेलं ते यंत्र १९४५ मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूतांना भेट म्हणून देण्यात आलं आणि १९५२ मध्ये सापडलं. हे सगळं खरं आहे.

इतकं अजब सत्य आसपास असताना त्यात एखादी थाप सहज मिसळून जाते. पीटर शिकेली या अमेरिकन संगीतकाराने याचा फार सुंदर उपयोग केला. जर्मन संगीतकार योहान सेबास्तियन बाख यांना खरोखर २० मुलं झाली आणि त्यातली १० मोठी झाली. काही जण स्वतः नामवंत संगीतकार होते. शिकेलींनी त्यात एकविसावा मुलगा घुसवला, पी. डी. क्यू. बाख. त्याचं जन्मसाल १८०७ आणि मृत्यूचं १७४२. त्याच्या नावावर शिकेलींनी रचना केल्या आणि वाद्यंही तयार केली. ट्रॉम्बोन या पितळी वाद्याला 'बसून' (bassoon) नावाच्या सुषिर वाद्याची पत्ती जोडून केलेलं 'ट्रॉम्बून' त्यांपैकीच एक. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्याची मोठी जाहीर मैफल झाली आणि पुढे अनेक दशकं होत राहिल्या. यात कुणी फसलं नाही, कारण शिकेलींनी खोका कधी सोडला नाही. जन्माच्या आधी मेलेला माणूस हाच त्या खोक्यावरचा शिक्का होता.

दुसरं कारण तांत्रिक शब्दांचं. व्हायोलिन, गिटार, तबला आपण ओळखतो. पण सरपंट, क्रुमहॉर्न, हर्डी-गर्डी ही तिन्ही खरी वाद्यं आहेत यावर न ऐकलेला माणूस का विश्वास ठेवेल? आणि ठेवला, तर चौथ्या बनावट नावावर का ठेवणार नाही?

एका थापेचा पूर्ण प्रवास

थापेची वाटचाल पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत कळलेली असणं दुर्मिळ. ब्रिटिश मेडिकल जर्नलमधलं एक प्रकरण मात्र तसं आहे, म्हणून ते सविस्तर पाहू.

एप्रिल १९७४ मध्ये या नियतकालिकात एका डॉक्टरांचं छोटं पत्र आलं. शास्त्रीय गिटार शिकणाऱ्या तीन मुलींच्या स्तनाग्राला गिटारची कड टेकून दाह झाल्याचं त्यात म्हटलं होतं. एलेन मर्फी या तरुण डॉक्टरना वाटलं, ही कुणीतरी केलेली थट्टा आहे. थट्टेला थट्टेनेच उत्तर म्हणून त्यांनी पती जॉन यांच्या सहीने दुसरं पत्र पाठवलं: चेलो हे व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य वाजवणाऱ्या एका व्यावसायिक वादकाला चेलो घासून वृषणकोशाचा दाह झाला आहे. पत्र छापून आलं.

चेलो वादक बसून, वाद्य दोन गुडघ्यांमध्ये धरून, छातीशी टेकवून वाजवतो. वाद्य त्या जागी पोचूच शकत नाही. चेलोवादन एकदा पाहिलेल्या माणसाला हे कळावं. पण वैद्यकीय लेखांत वादकांच्या आजारांची यादी करताना पुढच्या लेखकांनी हे पत्र आधार म्हणून दिलं. त्या लेखांचा आधार आणखी कुणी घेतला. २००८ च्या अखेरीस त्याच नियतकालिकात त्याचा पुन्हा उल्लेख आला, तेव्हा मर्फी दांपत्याने जानेवारी २००९ मध्ये पत्र लिहून खरं सांगितलं. तोवर ३४ वर्षं उलटली होती आणि एलेन मर्फी ब्रिटनच्या वरिष्ठ सभागृहाच्या सदस्य झाल्या होत्या.

इथे मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मधली पायरी. पहिला वाचक पत्र वाचतो. दुसरा वाचक 'असं पत्र प्रसिद्ध झालं आहे' एवढंच वाचतो. तिसऱ्यापर्यंत पोचताना ते 'असा आजार नोंदवला गेला आहे' असं होतं. कुणीही खोटं बोललेलं नाही, प्रत्येकाने आधीच्यावर भरवसा ठेवला. आणि याच यादीत 'फिडलर्स नेक' हा आजारही असतो, व्हायोलिन हनुवटीखाली दाबून मानेच्या कातडीवर उठणारा डाग. तो अगदी खरा आहे. खऱ्याच्या शेजारी बसायला मिळालं की थापेला वेगळी ओळख दाखवावी लागत नाही.

कोशातही थापा? मग विश्वास कशावर ठेवायचा?

पाश्चात्त्य संगीताचा सर्वांत मान्यवर कोश म्हणजे ग्रोव्ह. १९८० ची त्याची नवी आवृत्ती २० खंडांची होती आणि संपादक होते स्टॅनली सेडी. तिच्यात डाग हेन्रिक एस्रुम-हेलेरुप या डॅनिश संगीतकाराची नोंद होती. असा माणूस झालाच नाही. रॉबर्ट लेटन यांनी ती नोंद रचली होती आणि आडनाव डेन्मार्कमधलं एक गाव आणि कोपनहेगनचं एक उपनगर जोडून तयार केलं होतं. गुलिएल्मो बाल्दिनी या इटालियन संगीतकाराची नोंदही तशीच निघाली. पुढे दोन्ही काढून टाकल्या.

कोशांमध्ये बनावट नोंद कधी मुद्दामही घालतात. दुसऱ्या प्रकाशकाने मजकूर चोरला तर खोटी नोंदही चोरली जाते आणि चोरी सिद्ध होते. १९७५ च्या न्यू कोलंबिया ज्ञानकोशातली लिलियन माउंटवीझल ही छायाचित्रकार अशीच काल्पनिक होती, आणि अशा नोंदींना इंग्रजीत आता तिचंच नाव पडलं आहे.

यावरून कोश वाऱ्यावर सोडावेत असं मुळीच नाही. हजारो नोंदींत दोन थापा सापडल्या आणि काढल्या गेल्या. कुणीतरी तपासत होतं म्हणूनच ते घडलं. मोबाइलवर आलेल्या चार ओळींच्या संदेशामागे असं कुणी नसतं.

४३२ आणि ४४०: थाप जेव्हा विज्ञानाचे कपडे घालते

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, म्हणून थोडा मुळापासून सांगावा लागेल.

सूर म्हणजे हवेची कंपनं. सेकंदाला किती कंपनं होतात ते मोजण्याचं एकक म्हणजे हर्ट्झ. वाद्यवृंदात सगळ्यांनी एकाच सुराला जुळावं म्हणून एक सूर ठरवून घेतात आणि आज तो साधारणपणे ४४० हर्ट्झचा असतो. फिरणाऱ्या संदेशाचं म्हणणं असं: निसर्गाचा खरा सूर ४३२ हर्ट्झ आहे, तो मन शांत करतो, आणि नाझींनी लोकांना अस्वस्थ ठेवण्यासाठी जगावर ४४० लादला.

आधी इतिहास पाहू. १८३४ मध्ये, म्हणजे नाझी पक्षाच्या जन्माच्या कितीतरी आधी, जर्मनीत श्टुटगार्टच्या परिषदेत योहान शायब्लर यांनी सुचवलेला ४४० स्वीकारला गेला होता. फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने ४३५ ठरवला. १८८४ मध्ये इटालियन ऑपेरा-संगीतकार वेर्दी यांनी ४३२ ला पसंती दिली. त्यांची काळजी गायकांच्या गळ्याची होती, कारण वाद्यवृंद आपला सूर हळूहळू चढवत नेत होते. १९३९ मध्ये लंडनला अनेक देशांच्या प्रतिनिधींनी ४४० वर एकमत केलं. रेडिओचं युग होतं आणि सगळीकडे एकच सूर असणं सोयीचं होतं.

आता गणित. हर्ट्झ सेकंदावर अवलंबून आहे, आणि सेकंद माणसाने ठरवला आहे. दिवसाचे २४ तास, तासाची ६० मिनिटं, मिनिटाचे ६० सेकंद, अशी वाटणी आपण केली म्हणून ४३२ हा आकडा येतो. दिवसाचे १०० भाग केले असते तर त्याच सुराचा आकडा दुसराच आला असता. एखाद्याची उंची सेंटिमीटरमध्ये १८० भरते म्हणून १८० या आकड्यात गूढ शक्ती शोधण्यासारखं हे आहे. इंचात मोजली की तो आकडा नाहीसा होतो.

दोन्ही सुरांमधलं अंतर अर्ध्या स्वराच्या सुमारे एक तृतीयांश आहे. किंचित उतरवून लावलेलं वाद्य कुणाला मऊ वाटेल, आणि ती आवड मला समजते. पण आपल्या रागसंगीतात तर गायक आपल्या गळ्याला झेपेल तो षड्ज धरतो. काळी एक, काळी चार, पांढरी पाच, प्रत्येकाचा सा वेगळा. विश्वाचा एकच खरा सूर असता, तर पिढ्यान्‌पिढ्या असं गाणाऱ्यांचं गाणं बेसूर ठरलं असतं.

तोडलेल्या पखवाजाची गोष्ट

तबल्याच्या जन्माची गोष्ट मीही लहानपणी ऐकली आणि कित्येक वर्षं खरी मानली. रागाच्या भरात पखवाज फोडला, त्याचे दोन तुकडे झाले, तरी ते वाजले. 'तोडा, तब भी बोला', म्हणून 'तब्बोला', म्हणून तबला. शब्दाचा उगम न शोधता आवाज जुळवून गोष्ट रचायची, याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. प्रत्यक्षात तबला हा शब्द ढोलासाठीच्या 'तब्ल' या अरबी शब्दाशी नातं सांगतो. गोष्टीत पखवाज फोडण्याचं श्रेय कधी अमीर खुसरो यांनाही देतात. खुसरोंचं निधन १३२५ चं, तर आजच्या तबल्याच्या जोडीचे ठोस पुरावे १८व्या शतकापासूनचे.

गोष्ट टिकली याचं मला नवल वाटत नाही. ती एका श्वासात सांगता येते, तिच्यात राग आहे, चमत्कार आहे आणि शेवटी यमकासारखा ठेका आहे. घडणीत काही पिढ्यांचे हात लागले, शाई आणि चामड्याचे प्रयोग होत राहिले, हे सांगायला वेळ लागतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात कुठलंच चित्र उभं राहत नाही.

उघडी पडली की थाप संपते ना?

नेहमी नाही. ५ जून १९६१ ला बीबीसीने प्योत्र झाक नावाच्या पोलिश संगीतकाराची ध्वनिफीत आणि तालवाद्यांसाठीची रचना प्रसारित केली. झाक अस्तित्वातच नव्हता. हान्स केलर आणि सुझन ब्रॅडशॉ यांनी स्टुडिओत हाती येईल ते वाद्य वाट्टेल तसं बडवलं होतं. पुढे ही गोष्ट 'समीक्षकांनी त्या गोंगाटाची वाहवा केली' अशी सांगितली जाऊ लागली. मूळ परीक्षणं बहुतांशी प्रतिकूल होती. रचना खरी आहे असं समीक्षकांनी मानलं एवढंच, आवडली मात्र नव्हती. थापेबद्दल सांगतानाच दुसरी थाप तयार झाली, कारण फजितीची गोष्ट सांगायला जास्त बरी वाटते.

मनाचीही त्यात साथ असते. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना तीच विधानं दोन-दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवली. खरी असोत वा खोटी, पुन्हा दिसलेली विधानं लोकांना जास्त खरी वाटू लागली. ओळखीचं वाटणं आणि खरं वाटणं यांत मन गल्लत करतं. व्हायोलिनच्या तारा मांजराच्या आतड्याच्या असतात हे आपण किती वेळा ऐकलं आहे? आतड्याच्या तारा खऱ्या आहेत, पण ते आतडं मेंढीचं किंवा बकरीचं असतं.

पण गंमतच तर आहे, बिघडलं काय?

बऱ्याचदा काहीच नाही. मर्फींच्या पत्राने कुणी आजारी पडलं नाही.

तरी वादकाभोवतीचं गूढ वाढवणाऱ्या गोष्टींनी माणसाचं आयुष्य वेढलं जाऊ शकतं. पागानिनींच्या व्हायोलिनवादनाने थक्क झालेल्या लोकांनी त्यांचा सैतानाशी करार असल्याचं बोलायला सुरुवात केली. गोष्ट तेवढ्यावर राहिली नाही. १८४० मध्ये नीसला त्यांचं निधन झालं तेव्हा मृत्यूपूर्वीचा धार्मिक विधी त्यांनी नाकारला होता, आणि त्यात या वदंतांची भर पडली. बिशपनी चर्चच्या भूमीत दफनाला परवानगी दिली नाही. शव पार्माच्या दफनभूमीत कायमचं विसावायला १८७६ उजाडलं. शिवाय ज्या हाताने हजारो तास रियाज केला, त्याचं श्रेय सैतानाला गेलं. हा अन्याय मला फार बोचतो.

प्रश्न विचारायला आता यंत्रं आहेतच की

आहेत, आणि उपयोगी आहेत. पण भाषा शिकलेली ही यंत्रं माणसांनी लिहिलेला मजकूर वाचूनच तयार झाली आहेत. त्या मजकुरात खेळातल्या नोटा आणि खऱ्या नोटा एकाच ढिगात असतात, आणि खोका वेगळा होऊन गेलेला असतो. एकच थाप शंभर ठिकाणी उतरवलेली दिसली तर तिचं वजन वाढतं, जरी ती शंभर ठिकाणं एकाच जुन्या पत्रावरून उतरलेली असली तरी. म्हणून यंत्राने वाद्याबद्दल काही नवल सांगितलं, तर विचारावं: हे पहिल्यांदा कुणी, कुठे, कोणत्या साली लिहिलं? चेलोच्या बाबतीत या एका प्रश्नाने थेट १९७४ च्या पत्रापर्यंत पोचता आलं असतं. त्यापुढचा प्रश्न आणखी सोपा: वाद्य हातात घेतलं तर हे शक्य आहे का?

मग विचित्र वाटेल ते सगळं खोटं धरायचं?

तसं केलं तर संगीतातलं फार मोठं वैभव हातचं जाईल. फ्रान्सच्या दरबारातला संगीतकार ल्युली याने ताल देताना जड काठी स्वतःच्या पायावर आपटली, जखम चिघळली आणि १६८७ मध्ये तो वारला. व्हिएन्नात १९९८ पासून एक वाद्यवृंद ताज्या भाज्या कोरून वाद्यं बनवतो. व्हर्जिनियातल्या लुरे गुहेत लेलंड स्प्रिंकल यांनी चुनखडीच्या लोंबत्या खडकांवर हातोड्या बसवून ऑर्गन तयार केला.

आणि जर्मनीत हाल्बरश्टाट गावच्या जुन्या चर्चमध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केज यांची 'शक्य तितक्या संथ' अशी सूचना असलेली ऑर्गनरचना खरोखर तशी वाजवली जात आहे. ती ६३९ वर्षं चालणार आहे आणि २६४० मध्ये संपेल. सप्टेंबर २००१ मध्ये सुरुवात झाली तेव्हा आलेल्या लोकांना कुठलाच सूर ऐकू आला नाही, कारण रचना विरामाने सुरू होते आणि त्या गतीने तो विराम १७ महिने लांबला. पहिला सूर फेब्रुवारी २००३ मध्ये निघाला. ५ फेब्रुवारी २०२४ ला सूर बदलला, तेव्हा तो क्षण ऐकायला लोक चर्चमध्ये जमले होते.